पांगाऱ्याच्या खुंट्या

सागवान नको, अण्णा म्हणाला, सागवान अडमुठं.
पांगारा घे. मऊ लाकूड पाणी पितंय, फुगतंय,
एकदा बसलं की निघत न्हाई.

म्हणून ज्येष्ठात, कल्लोळच्या घाटावर नाव पालथी
आणि मी विळ्यानं खुंट्या तासत बसलेली:
करंगळीएवढी, अंगठ्याएवढी,
एक तर थेट रताळ्यासारखी.
एवढं भोक पडलं तर नाव राहील का, अण्णा?
खुंटी असली तर राहील.

तेलाच्या डब्याचा पत्रा, कडेनं खिळे टोचून तयार.
ट्रॅक्टरच्या ट्यूबचे तुकडे.
मेणात माखलेल्या चिंध्या; त्यात आईच्या इरकलीचा काठ,
तो मी आतल्या बाजूला घडी घातला.
हातोडी सुतळीनं फळीला बांधली,
कारण घाबरलेल्या हातातनं पहिलं लोखंडच निसटतं.

मग सराव.
गेल्या पुरात निकामी झालेली जुनी नाव,
तिला अण्णानं गिरमिटानं पाडलेली भोकं.
गुडघाभर पाणी, माझ्या डोळ्यांवर ओढणी,
आणि तो कुठलं तरी बूच मुकाट्यानं उपसणार.
आकडे कन्नडमध्ये, शिव्या मराठीत.
ओंदु. एरडु. मूरु.
हातानं चाचपू नको, हात भितोय. तळव्यानं बघ,
गार कुठनं येतंय?
विसाच्या आत बुजलं तर चहा.
पहिल्या दिवशी मी इप्पत्तेंटुला पोचले.
चहा दिला त्यानं. साखर नव्हती.

श्रावणात बंधारा बुडाला.
अण्णा काठावर, गुडघे धरून. येडूरची खेप माझी:
नऊ माणसं, एक शेळी, गॅसची टाकी,
आणि बाळंतपणाला माहेरी निघालेली निंगव्वा.
मधोमध, धार तिरकी होते तिथं,
डाव्या टाचेला गार लागलं.

वल्हं मल्लू कुंभाराच्या हातात दिलं:
जरा धर, पायात काटा घुसलाय.
खाली बसले. शेळीला ढकललं.
एळुपर्यंत आकडे नीट आले,
पुढचे सापडेनात, मग मराठीतच मोजले,
मग मोजायचंही राहिलं.
खुंटी, चिंधी, हातोडीचे दोन ठोके.
निंगव्वानं विचारलं, निघाला का गं?
निघाला, म्हटलं, आणि टमरेलानं पाणी उपसत राहिले
जसं काही ते रोजचंच पाणी.

संध्याकाळी अण्णानं कंदील खाली धरून तळाला बोट लावलं.
खुंटीच्या कडेनं इरकलीचा लाल काठ
जरासा बाहेर आला होता.
बराच वेळ बघितलं त्यानं.
काढू नको इतक्यात, म्हणाला.
फुगू दे अजून.