दोन पानांचा अंदाज

फेरीबोट दिवाडी बेटाला लागली तेव्हा
चहाही पुरता संपला नव्हता.
पैसे पुतण्यानं भरले होते, मोबाईलवरूनच:
'लग्न उरकलं काका, एक दिवस रिकामा आहे,
बघा तरी, लोक शिकतात कसं.'
मी चाळीस वर्षं आचारी. मिरज, सांगली, पार जमखंडीपर्यंत
माझ्या जिलेबीवर रुसलेले व्याही परत पंगतीला बसलेत.
मला शिकवणार कोण?

एर्मेलिंदाबाईंनी एप्रन दिला, त्यावर काजूचं चित्र.
मागची गाठ डेन्मार्कच्या सिग्नेनं मारली.
तिचा बाप विळीकडे बघत होता
झोपलेल्या मगरीकडे बघावं तसा.
इंदूरचं नवं जोडपं, बांगडे दिसताच
अंगणात बिमलीच्या झाडाखाली जाऊन बसलं
आणि शेवटपर्यंत तिथंच राहिलं, सुखात.

'एकेका चुलीवर दोघांपुरतं,' बाई म्हणाल्या.
रगड्यात मिरच्या, लसूण, मिरी, दालचिनी,
वरून माडाचं विनेगर.
वास नाकात थांबतच नाही, थेट टाळूला.
माझा हात मिठाच्या बरणीत गेला
आणि मूठ भरून बाहेर आला.
सवयीची मूठ.
बाईंनी मनगट धरलं: 'पात्रांव! लग्न आसा कितें?'
सगळे हसले.
सिग्नेचा बापसुद्धा, काही न कळता.

हजाराचं विचारा.
तांदूळ किती, डाळ किती, नारळ किती फोडायचे,
पाऊस लागला तर किती पानं गळतील,
मुलीकडचे नदीकाठचे असले तर भात किती वाढवायचा,
झोपेत सांगीन.
दोघांचं मी कधी केलंच नाही.
घरी ती करायची. मी रात्री दोनला यायचो,
ओट्यावर ताट झाकलेलं.

मार्चपासून तिचा उजवा हात उचलत नाही.
येईल म्हणतात डॉक्टर.
तोवर एक भात आम्ही तीन दिवस खातो,
आणि समोरच्या शिंत्र्यांची सून
मी डबा घेऊन निघालो की
हळूच दार लोटते.

हे कुणाला बोललो नव्हतो.
बाईंना बोललो, कारण त्या बांगड्याच्या पाठीला चीर देत होत्या
आणि मान वर करत नव्हत्या.
'काट्याला धरून सुरी चालव,' म्हणाल्या,
'आणि पोट फाडू नको, मसालो भायर येतलो.'
मग बऱ्याच वेळानं,
दुसरा बांगडा हातात घेऊन:
'एकटीचं शिकायला मला सात वर्षं गेली.
तिन्ही भुरगीं स्विंडनला.
शेवटी मोठी भांडी विकून टाकली.
मोठं भांडं घरात असलं की
हात मोठाच पडतो रे.'

माझ्या माळ्यावर अकरा पातेली आहेत.
एकेकात माणूस बसेल.
दर दिवाळीला ती चिंचेनं घासायची सगळी, आत उतरून.

मसाला भरला. बांगडा तव्यावर टाकला,
चुर्र झालं, पण केवढंसं.
माझ्या कढईचा आवाज गल्लीच्या टोकाला जातो.
हा मांजर जागं होईल एवढाच.
आणि मांजर झालंही जागं.

जेवलो. उरलं काही नाही.

पणजीच्या बाजारात संध्याकाळी
मातीचं कुंडलं मागितलं, सगळ्यात लहान.
कुंभारीण म्हणाली, नात किती वर्षांची?

तिला फोन लावला.
लग्न संपलं की विचारते तेच विचारलं तिनं:
'किती पानं झाली?'
म्हटलं, दोन.
पलीकडे थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज.
'मग मीठ भिऊन टाकलं असणार तुम्ही.
अळणी झालं ना?'

झालं होतं.