दोन पाण्यांचा पिवळा

विट्यात, आमच्या बारा मागांच्या शेडमध्ये
तीन महिने मी एक पिवळा शोधतेय.

एका दुकानाचे उन्हाळी कपडे. नऊ रंग, चार पोत.
आठ रंग झाले. त्यातला काळा तर
कासमचाचांनी तुटक्या फण्या, गंजके खिळे, जुनी पिकिंगची कडी
गुळाच्या पाण्यात बुडवून
सतरा दिवस शेडमागच्या माठात मुरवला.
सायझिंगची पोरं नाक दाबून जायची.
कापड हिरड्यात भिजवून त्यात घातलं
आणि ते असं काळं आलं
की चाचा टोपी काढून म्हणाले, "आयला, माग विरघळला की."

अण्णा लांबून बघतात.
चाळीस वर्षं त्यांनी कोरं कापड विणलं,
गाठी बांधल्या, ट्रक भरले.
रंग नेहमी दुसऱ्याच गावी चढायचा.
पिकं कमी करून मी सैल पोत काढायला लावला
तेव्हा बोटात चिमटून म्हणाले,
"पोत म्हणतेस, मला तर पोतंच दिसतंय."
रात्री मात्र तेच कापड
खांद्यावर टाकून जेवायला बसले.

पण पिवळा.

हळद सांगलीहून आणली, राजापुरी.
मार्केट यार्डातल्या लिपारे अडत्यानं कणी मोजली
आणि विचारलं, "एवढ्या हळदीचं लग्न कुणाचं?"
पहिली पट्टी गच्चीवर वाळत घातली,
अर्धी उन्हात, अर्धी विटेखाली.
चौथ्या दिवशी वीट उचलली.
उघडी बाजू शिळ्या ताकासारखी,
विटेखाली अजून लग्नघर.

आई म्हणाली, "हळद ती.
नवरीच्या अंगावर तरी कुठं टिकती?"

मग तुरटी. मग डाळिंबाची साल, आटपाडीची.
मग दोन्ही, आधी ही, नंतर ती.
वहीत तोळे, मिनिटं, आचेची उंची,
पानापानाला पिवळी बोटं.
शेवटी एक पट्टी उन्हात एकवीस दिवस उभी राहिली.
मी दुकानाला फोन केला.
"ठरला," म्हटलं, "हाच."

नव्वद मीटरचं ताग्याचं काम.
सकाळी टेंभूचं पाणी होतं,
कृष्णेचं, गोड, कॅनॉलमधून चढून आलेलं.
निम्मा तागा त्यात झाला. लख्ख.
दुपारी आवर्तन संपलं.
हौद तळाला गेला तसा बाळूनं
न विचारता बोअर चालू केला.

बोअरचं पाणी खारं. साबणाला फेस येत नाही,
डाळ शिजत नाही, हळद मात्र
त्यात शिरली आणि लाजून लाल झाली.

तारेवर तागा उलगडला तर
पंचेचाळीस मीटर केतकी,
मग दोन बोटं काहीच ठरत नाही,
आणि पुढे भट्टीतून नुकती काढलेली वीट.

बाळू खाली बघत उभा.
चाचा म्हणाले, "धुऊन काढू का?"
अण्णा म्हणाले, "किती मीटर वाया?"
मी म्हटलं, थांबा.

दुकानाची बाई फोनवर विचारत होती,
पुढच्या खेपेला असाच येईल ना, अगदी असाच?
मी कॅनॉलची पाळी आठवली,
मेमधला कोरडा पाट, बोअरची खोली,
चारशे ऐंशी फूट.
"बघते," म्हणाले. बोलायला दुसरं नव्हतं.

कात्री घेतली. कापायचं कुठं ते सुचेना.
त्या दोन बोटांच्या जागेवर
बराच वेळ अंगठा ठेवून उभी राहिले.
नमुन्याचा तुकडा तिथूनच काढला,
वहीत टाचला.
नंबर घातला नाही. नावाची ओळ कोरी.

शेडमध्ये कुणीतरी चौथा माग सुरू केला.
बाळू हौदाच्या कडेला बसून
दोन्ही नळांची चव घेत होता,
आधी ह्याची, मग त्याची,
जणू कुणी त्याला शपथेवर विचारणार आहे.