रिजेक्शनचा रकाना

सातवा सरत आला तेव्हा मी प्रश्नांची यादी केली
तपासणी-कार्डाच्या पाठीमागं,
कारण फाउंड्रीत हाताशी तेवढाच कोरा कागद होता.
शिरोलीला दिवसभर मी पंपाचे भाग मोजते,
व्हर्नियर लावते, कडा चाचपते,
टिचकी मारून कान देते:
आत हवा राहिली असेल तर आवाज बद्द येतो.

राजारामपुरीतल्या डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या.
भिंतीवर पॅकेजचा तक्ता. नॉर्मल, सिझर, डीलक्स रूम.
मी विचारलं, शंभरात सिझर किती?
त्या हसल्या. "ते बाळ ठरवतं, मॅडम."
बाहेर बाकावर सहाजणी होत्या.
चौघींच्या बाळांनी
एकच शुक्रवार ठरवला होता.

कळंब्यापलीकडं एका फार्महाउसवर
कोमट पाण्याचं टाकं, मंद दिवे, बासरी.
"आजवर इथं काहीच वावगं झालं नाही,"
नवरा-बायको एका सुरात म्हणाले.
मी यादीची घडी घातली.
आठ वर्षं तपासणीत आहे मी.
ज्या खात्याचं रिजेक्शन शून्य
तिथं एकतर कुणी मोजत नाही,
नाहीतर खराब माल मागल्या दारानं
गुपचूप भट्टीत परत जातो.

आत्तींना विचारलं, तुम्हाला भीती नाही वाटली?
"आमच्या टायमाला कुठलं निवडणं आन काय.
गगनबावड्याचा पाऊस, वढ्याला पाणी,
सुईण पल्याड आन मी अल्याड."
मुलं किती विचारलं की आत्ती तीन म्हणतात.
बोटं चार मोडतात.
लग्न झाल्यापासून बघत आलेय,
चौथं बोट त्या लवकर सोडत नाहीत.

रुईकर कॉलनीत एस्तेर आवळे.
सीपीआरच्या लेबर रूमला सव्वीस वर्षं सिस्टर,
आता स्वतःच्या घरात, खालच्या मजल्यावर तीन खोल्या.
कोपऱ्यात शिवणयंत्र, त्यावर दुपट्यांची चळत.
ऑक्सिजनचा सिलिंडर साखळीनं भिंतीला बांधलेला,
भरल्याची तारीख त्यावर खडूनं.
मी आधी तारीख वाचली.
मग बाईंकडं पाहिलं.

"यादी आणलीय न्हवं? वाचा."
मी सगळे सोडून शेवटचा प्रश्न विचारला.
त्यांनी चष्मा लावला, लांबडी वही काढली,
उभ्या रेघा पट्टीनं मारलेल्या.
"गेल्या साली चौऱ्याहत्तर.
अकराजणी सीपीआरला नेल्या.
नऊ वेळेत. एक उगाच नेली, मीच घाबरले.
आणि ही,"
बोट ओळीवर थांबलं,
"ही वीस मिनिटं आधी न्यायला पाहिजे होती.
दोघंही बरी आहेत. बारशाला बोलावलं होतं मला.
गेले नाही."
वही त्यांनी माझ्याकडं फिरवली.
शेवटच्या रकान्यात लाल शाई:
उशीर. मी.

गाडीत धैर्यशील म्हणाला,
बाई स्वतःच्या तोंडानं चूक सांगते
आणि तू तिच्याकडंच जाणार?
व्हय, म्हटलं.
पुढं रेल्वे फाटकापर्यंत कुणी बोललं नाही.
मग मी म्हटलं, हे बघ,
मला काही गड चढून दाखवायचा नाही.
कळा येतील तेव्हा चालता यावं,
भिंत धरून ओरडता यावं,
आणि उशाशी अशी बाई असावी
जिला घाबरता येतं.
वेळेवर.

त्याच रात्री साडेअकराला
एस्तेरबाईंच्या फाटकापासून आम्ही गाडी काढली.
दाभोळकर कॉर्नर, व्हीनस कॉर्नर, दसरा चौक.
आत्ती मागच्या सीटवर, न बोलावता आलेल्या,
मांडीवर माझा फोन, पळत्या आकड्यांवर नजर.
सीपीआरच्या गेटात धैर्यशीलनं इंजिन बंद केलं.
"आठ मिंटं," आत्ती म्हणाल्या.
जरा थांबून,
"ही रात्रीची. ऐतवारी लक्ष्मीपुरीचा बाजार असतोय,
तवा परत मोजू."