बैठक

वायकोळे वकिलांनी करार तीनदा उलटला,
चष्मा पुसला, म्हणाले, "अत्तरदे,
चेक परत आला असता तर मी उभा राहिलो असतो.
हे माझ्या पट्टीतलं नाही.
कलम सतरा वाचलं होतं का?"

नव्हतं वाचलं.
चाळीस फुटी दोन कंटेनर,
मोरपंखी काठाच्या नऊ हजार सहाशे चटया
दार-ए-सलामच्या गोदीत उतरल्या होत्या
आणि पलीकडचा म्हणत होता,
रंग उडतो, वजन कमी भरतं, उरलेले पैसे विसरा.
सही केली त्या दिवशी एमआयडीसीत लाइट गेली होती,
मशीनच्या नळीत प्लास्टिक थिजत होतं.
कलमं कोण वाचतं अशा वेळी?

फोरमन सलीम पिंजारी, शिरपूरकडचा,
हात पुसत एवढंच बोलला,
"भाऊ, तठे कागद बोलस, मानूस नही."

म्हणून भुसावळ. मे महिना.
स्टेशनबाहेर डांबर चपलेला चिकटत होतं.
भरीत-पुरीच्या दुकानावर, लोखंडी जिन्याने वर,
कुमुदिनी फालक.
सव्वीस वर्षं लंडन, सिंगापूर,
जहाजांची भांडणं, तेलाची, साखरेची,
आणि आता खिडकीत वाळत घातलेले केळीचे वेफर्स.

"तासाला अठरा हजार," त्या म्हणाल्या,
कांद्याचा भाव सांगावा तशा.
माझी नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली ती तिथेच राहिली.
चहा आला. मी फुंकर न मारता प्यालो, जीभ पोळली.
"चहा माझ्याकडून," त्या हसल्या नाहीत,
"सावकाश घ्या."

मग वाचत बसल्या.
मी आजवर कुणाला इतकं हळू वाचताना पाहिलं नाही.
खालून वांगी भाजल्याचा वास येत होता,
एक मालगाडी संपता संपत नव्हती,
आणि त्यांचं बोट एकाच ओळीवर.

"तुमच्या भांडणाची बैठक लंडनला आहे."
"म्हणजे मला तिकडे जावं लागेल?"
"तुम्ही कुठेही उभे राहा.
भांडण तिथं बसेल. तिथल्या कायद्याच्या मांडीवर."

मग विचारलं, त्याच लॉटमधली चटई आणलीय का.
आणली होती, रिक्षातून, सुतळीने बांधून.
त्यांनी ती फरशीवर पसरली,
चपला काढून मधोमध बसल्या,
काठ नखाने खरवडला, कोपरा ओल्या रुमालाने घासला,
रुमाल मला दाखवला.
किंचित मोरपंखी.

मी घड्याळाकडे बघणं सोडलं.

"एकवीस लाख अडकलेत," त्या म्हणाल्या,
"लंडनला जिंकायला तीस लागतील.
आणि या रुमालासमोर जिंकालच असं नाही.
सव्वीस वर्षांत मी एवढंच शिकले, अत्तरदे,
कुठल्या बैठकीला जायचं नाही ते."

एक पत्र लिहिलं. पाऊण पान.
त्यात धमकी नव्हती, विनवणीही नव्हती,
बारा टक्के सोडायची तयारी, बाकीच्यासाठी तारीख,
आणि शेवटी एक साधी ओळ,
की यापुढे बोलायचं असेल तर दोघांच्या मधे कुठेतरी,
पडद्यावर, समोरासमोर बसू.
मी म्हटलं, "इतकंच?"
"इतकंच लिहायला दोन तास लागले,
बिलात दिसेल."

उत्तर अजून आलेलं नाही.
सलीम रोज सकाळी विचारतो, मी मान हलवतो,
तो नवा रंग कडक उन्हात टाकून बघतो,
आता रुमालही ठेवतो खिशात.

निघताना चटई गुंडाळायला वाकलो तर म्हणाल्या,
"राहू द्या. किती?"
"अहो, कशाला ते..."
"किती?"
दोनशे वीस.
त्यांनी मोजून दिले आणि पावती मागितली.

बॅगेत पावतीपुस्तक होतं, नेहमीचं,
बळीराम पेठेत छापलेलं, वीस वर्षं तेच.
नाव, रक्कम, तारीख लिहिली, सही केली,
आणि फाडता फाडता
सहीखालची मुंगीएवढी ओळ
पहिल्यांदा वाचली:
सर्व वाद जळगाव न्यायकक्षेच्या अधीन.