दहाचा पाना

चावी फिरवली, की एकच टक्.
कुणी दारावर एकदा वाजवावं
आणि आतून ओ यायच्या आधीच
पायरी उतरून जावं, तसं.

मागच्या सीटवर बर्फाची पेटी.
तिच्यात चिंदर, त्रिंबक, वायंगणीतल्या
एकोणीस जणांचं रक्त.
टोपणं लाल, जांभळी, आणि एकच करडं.
ते उपाशीपोटीच्या साखरेचं.
नळी भरताना आजी म्हणाली होती,
"काय येयत ता माज्या सुनेक सांगा नको हां."
अकराच्या आत मालवणात पोचायला हवं
आणि मी आचऱ्याच्या तिठ्यावर, टक्, टक्.

माणसं जमली. जमलेल्या माणसांना
बॅटरीतलं सगळं कळतं.
"सेल्फ गेलो." "धक्को मारूया."
पानाच्या गादीवरून तर
नव्या बॅटरीचा भावही आला, हप्त्यासकट.

रुझार डिसोजा बशीतला चहा संपवूनच आला.
"लाइट लाव." लावला.
"आता चावी मार."
लाइट मिटत मिटत पिवळा झाला.
"बॅटरी जिती आसा.
तोंड खाल्लाहा खाऱ्या वाऱ्यान."

अधिकच्या खुंटावर फुललं होतं काहीतरी,
मध्ये पांढरं, कडेला हिरवंनिळं,
सुपारीवर मारायला बाप पिंपात कालवायचा
त्या मोरचुदासारखं.
मला ते सुंदर वाटलं.
रुझारला हे सांगितलं नाही.

दहाचा पाना. आधी वजा सोडायचा, मग अधिक.
बसवताना उलट.
का, तर म्हणाला,
"एकदा पानो बॉडीक लागलो, तेवा कळला,"
आणि मनगटावरचा गुळगुळीत डाग
बाहीखाली घेतला.

हॉटेलातून गरम पाणी आलं,
भज्यांच्या डब्यातला मूठभर सोडा.
ओतल्याबरोबर फसफसलं,
भरतीचं पाणी कुर्ल्यांच्या बिळांत शिरताना
वाजतं ना, तसं.
मग जुना टूथब्रश. मग पॉलिश पेपर,
खुंट बाहेरून, पट्टा आतून,
शिसं चांदीसारखं दिसेपर्यंत.

पट्ट्याच्या आत काहीतरी अडकलं होतं.
राखाडी पत्री, नखाएवढी, ठोकून चपटी केलेली.
मी म्हटलं, कचरा.
त्याने ती नखाने दाबून पाहिली.
"पागाचा शिसा ह्या.
गाडी कोणाकडसून घेतलंस?"

सर्जेकोटच्या मेतरांकडून.
म्हातारा गेल्यावर मुलीने विकली.
कागदांवर सही करताना एवढंच बोलली,
"बाबा सांगीत, सकाळची पयली चावी हळू मारूची."
दोन वर्षं मी हळू मारत होते,
देवाला फूल वाहावं तशी, कारण न विचारता.

म्हणजे पट्टा झिजून सैल पडला तेव्हा
म्हाताऱ्याने पागाची एक गोळी तोडली,
दगडावर ठेचली
आणि त्या फटीत सारली.
मग पागाची कड तिथे
जरा उचललेली राहिली असणार.
एखादा शेवटा तेवढ्यातून निसटून
आचऱ्याच्या खाडीत म्हातारा झाला असेल.

"नवो पट्टो बाजारात गावता," रुझार म्हणाला.
"पण ह्यो बसलोहा."
पत्री घासून उजळ केली, परत सारली,
पाना आवळला.
बॅटरीचं तोंड धरून हलवलं.
हललं नाही. वर व्हॅसलिनचं बोट.

चावी मारली. सवयीने हळूच.
गाडी अशी उठली
की पानवाल्याच्या हातातली सुपारी सांडली.

"किती?"
"सोड्याचे हॉटेलवाल्याक दी."
माझे त्याने घेतले, पण मोजले नाहीत.

लॅबमध्ये पोचले पावणेअकराला.
एकोणीसच्या एकोणीस नळ्या थंड.

ओढणी धुतली तेव्हा दिसलं,
काठाजवळ मुगाएवढं भोक,
ॲसिडचा थेंब कधी उडाला कळलंही नव्हतं.
रफू केलं नाही अजून.

करड्या टोपणातली साखर किती आली
ते इथेही लिहीत नाही.