दोन रेघा

मांजरसुंब्याच्या घाटात काटा लाल झाला,
बाबांचा हात झाकणाकडे गेला.
"थांबा," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा.

पुढं रसवंतीचे घुंगरू.
आई मागच्या सीटवर, मांडीवर धपाट्यांचा डबा,
बीडपासून अबोल.
अर्धा तास नुसतं इंजिन बोललं,
टिक, टिक, मग तेही नाही.

फडकं धरून झाकण पाव फेरा
फुस्स.
आत आमच्या बोअरचा पांढरा क्षार.
"पाणीच लागतंय की तिला," ते पुटपुटले,
"अकरा साल झाले, तेच पाजतोय."

मी हिरवी बाटली तिरकी केली.
चष्मा कपाळावर ढकलून ते वाकले.
"वरच्या रेघेच्या खालीच थांबलीस?"
"तापल्यावर फुगायला जागा लागते, बाबा."

"हे तुझ्या आईला सांग."

आईनं काच वर केली.