बरं

आज कौस्तुभला म्हटलं, तू कामाला जा,
तीन थांब्यांवर तर दवाखाना, मी जाईन एकटी.
"आई, तुला नीट सांगता येईल?"
नीट तुला तरी कुठे येतंय, म्हणाले नाही.
डंडीत मे महिन्यातही स्वेटर लागतो, तो घातला.

दोन वर्षं मी मराठीत सांगत आले:
तळपायांची भगभग होते,
पोटऱ्यांना रात्री रग लागते,
गोळी घेतली की तोंडाला चव
कळकलेल्या ताकाची.
आणि हा, एक डोळा घड्याळावर, त्याचं करायचा:
"लिटल पेन."
डॉक्टरीण टाइप करायची. गोळ्या चालू ठेवा.
मी म्हणायचे, बरं.

बरं म्हणजे हो.
बरं म्हणजे पुरे आता, निघू या.
बरं म्हणजे बरी आहे, जी मी नव्हते.

शॉर्टब्रेडचा डबा टेबलावर ठेवला, हलवून दाखवला.
पाच आठवड्यांच्या गुलाबी गोळ्या खुळखुळल्या.

डॉक्टर मक्रे रागावलीच थोडी.
असं परस्पर बंद करायचं नसतं, विचारायचं.
"यू नेव्हर आस्क्ड मी," मी म्हटलं, "यू आस्क्ड माय सन."
व्याकरणासकट आलं.
रागाला येतं व्याकरण.

मग तिनं खुर्ची वळवली, पडद्याकडून माझ्याकडे.
दहापैकी किती दुखतं, हे नाही विचारलं.
मी मोजा काढला. हिअर फायर. हिअर अँट्स, मेनी अँट्स.
आम्ही टाचण्या आणि सुया म्हणतो, ती म्हणाली.
टाचण्या मेलेल्या असतात, मी म्हटलं. या चालतात.

आणि ते निघालंच तोंडातून,
जे कौस्तुभलाही माहीत नाही:
मिरजेला थोरल्या भावाचा अंगठा काढला,
त्याआधी त्याला मुंग्याच यायच्या.
शब्द नव्हते. बोटांची कात्री केली.

बाहेर कुणीतरी खोकत होतं, माझी दहा मिनिटं
केव्हाच संपली होती.
ती माझा पाय हातात घेऊन बसली होती,
मेहेंदी बघावी तसा.

रक्त पुन्हा तपासायचं. पायांच्या दवाखान्याला चिठ्ठी.
गोळी दुसरी.
काढेल का अंगठा, याला ती नाही म्हणाली नाही,
म्हणाली, लवकर आलात.
"ओके?"

बरं ओठांवर आलं होतं. गिळलं.
"न्यू टॅब्लेट," मी विचारलं,
"विल टी टेस्ट टी?"

"थांबा," ती म्हणाली,
"बघून सांगते."